तिथी बघून समुद्राला: बेळगावहून कोकण-गोव्याचे किनारे आणि ताटातला मासा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून समुद्र तीन ते चार तासांवर आहे. जवळ आहे म्हणूनच बहुतेक जण काही न ठरवता निघतात. शनिवारी उशिरा गाडी काढायची, भर बाराला वाळूत उतरायचं, तीनला भुकेनं कावून जे हॉटेल उघडं दिसेल तिथं सुरमई थाळी मागवायची. अशा सहलीत पाणीही चुकीच्या वेळी मिळतं आणि मासाही. या दोन्ही गोष्टी भिंतीवरचं कॅलेंडर बघून घरीच ठरवता येतात, आणि गाव कुठलं निवडायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

भरतीचं गणित

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशोब असा: त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, मालवण-गोव्याकडे सहसा थोडा अलीकडे धरायचा. सहलीची वेळ ठरवायला एवढं पुरतं. होडीचा किंवा खडकांवर जायचा बेत असेल तर मात्र त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघून घ्या.

याचा उपयोग कसा? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. त्या दिवशी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. किनारा रुंद मिळतो, वाळू घट्ट असते, चालायला आणि मुलांना खेळायला उत्तम. पण चार-पाचला, जेव्हा सगळे पाण्यात शिरतात, तेव्हा पाणी जोरात उतरत असतं. पोहण्यासाठी ही सगळ्यात वाईट वेळ. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. ओहोटी बाराच्या आगेमागे होऊन जाते आणि दोन ते पाच पाणी हळूहळू चढत असतं. लहान मुलं आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हेच शनिवार-रविवार निवडा.

तिथीचा ताटाशीही संबंध आहे. कालवं खडकाला चिकटलेली असतात आणि उधाणाच्या ओहोटीला खडक नीट उघडे पडले की ती काढता येतात. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवस ताजी कालवं मिळण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, त्याही ओहोटीलाच चिखल-वाळूतून वेचतात. एकादशी, संकष्टी, सोमवार, गुरुवार या दिवशी स्थानिक गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे बाजारात घासाघीस करायला वाव मिळतो.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी समुद्र शांत आणि मासळी भरपूर. मार्च ते मे उकाडा, पण ओले काजू, आंबे आणि नवी आमसुलं याच काळातली. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत थाळीत आलेली सुरमई किंवा पापलेट बहुधा बर्फातलं. पावसात गेलातच तर खाडीचे मासे, कुर्ल्या किंवा तिसऱ्या मागा, आणि पाण्यात अजिबात उतरू नका.

कुठला घाट, कुठला किनारा

बेळगावहून शिनोळी-चंदगडमार्गे आंबोली उतरून सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ला, सुमारे सव्वाशे किलोमीटर. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडच्यांनी संकेश्वर-गडहिंग्लज-आजरा धरून आंबोलीला यावं. जांबोटी-कणकुंबी-चोर्ला उतरलात तर साखळीमार्गे म्हापसा किंवा पणजी, बेळगावपासून सुमारे ११० किलोमीटर. खानापूर-लोंढा-रामनगरहून अनमोड घाट मोलेला उतरतो. दक्षिण गोव्याला जायचं तर हा बरा. तिलारीचा घाट दोडामार्गाला लवकर नेतो, पण चढ फार उभा आणि वळणं आवळलेली आहेत. नवख्या हाताला आणि भरलेल्या गाडीला तो नको. पावसाळ्यात चोर्ला आणि आंबोली दोन्हीकडे धुकं इतकं दाटतं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसत नाही. तिथं अंधार पडायच्या आत घाट पार होईल असंच निघा.

नकाशात गाव टाकताना जपा. केरी एकाहून जास्त आहेत: एक चोर्ल्याच्या पायथ्याशी सत्तरीत, तिथं समुद्र नाही. समुद्राची केरी पेडणे तालुक्यात, तेरेखोलच्या खाडीवर. देवबागही दोन, एक मालवणजवळ कर्ली नदीच्या मुखाशी आणि दुसरं कारवारला काळी नदीच्या मुखाशी. गाडी भलत्याच देवबागच्या रस्त्याला लागली तर दिवस गेला म्हणून समजा.

एका दिवसात जाऊन यायचं असेल तर आमची शिफारस शिरोडा-वेळागर आणि आरवलीची आहे. लांबलचक किनारा, मागे सुरूची बनं, उन्हाला सावली. शिरोड्याची मिठागरं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातली. आरवलीच्या वेतोबाला केळीचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, ते देऊळ वाटेवरच आहे. मुक्काम असेल तर वेंगुर्ल्यात राहा आणि मोचेमाड, सागरेश्वर, निवती, भोगवे यातले दोनच निवडा. निवतीच्या किल्ल्यावरून भोगव्याचा अख्खा किनारा दिसतो. तारकर्ली-देवबाग सुंदर आहे, पण सुट्टीत तिथं होड्या आणि माणसं इतकी असतात की शांतपणा शोधणाऱ्यानं मधल्या वारीच जावं. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी मालवण जेटीवरून सुटते आणि पावसाळ्यात बंद असते.

गोव्यात उत्तरेला केरी, दक्षिणेला आगोंद आणि गालजीबाग. शेवटच्या दोन्ही किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. कुंपण घातलेल्या जागेपासून लांब राहा आणि रात्री टॉर्च मारत फिरू नका. कारवारकडे गेलात तर माजाळीजवळची तीळमाती बघा, तिची काळी वाळू हातात घेतली की खरोखर तिळासारखी दिसते.

गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली बसते आणि तासाभरात पाणी बोनेटपर्यंत येतं. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबून चाक फिरवत राहू नका, त्यानं ती आणखी खाली जाते. चारी चाकांतली हवा अर्ध्यावर आणा, चाकापुढची वाळू हातानं काढा, पायपुसणी खाली टाका आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा.

पाण्यात उतरण्याआधी

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला गेलेले आठ जण बुडाले. घाटमाथ्यावरची आपली माणसं विहिरीत, नदीत पोहायला शिकतात. समुद्राची ओढ कशी ओळखायची हे तिथं कुणी शिकवत नाही, म्हणून इथं सविस्तर.

पाण्यात जाण्याआधी उंचवट्यावर पाच मिनिटं उभं राहून बघा. डावी-उजवीकडे लाटा फुटून पांढरा फेस होतो आणि मधेच एक पट्टा सपाट, गडद किंवा गढूळ, लाट न फुटणारा दिसतो. नवख्याला तीच जागा शांत वाटते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी तिथूनच परत आत जातं. ओहोटीला ही ओढ वाढते. खाडीच्या आणि नदीच्या मुखाशी तर ती सगळ्यात जास्त, म्हणून दोन्ही देवबाग, मोचेमाड, तेरेखोल अशा मुखांशी पोहू नका.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं हातपाय मारू नका. चांगला पोहणाराही त्यात दमतो. किनाऱ्याला समांतर वीस-तीस मीटर सरका, लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर बाहेर या. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि एक हात वर करा. बुडणाऱ्याला वाचवायला साखळी करून आत जाऊ नका. एकाचा हात सुटला की सगळेच जातात. गाडीत पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन आणि पंधरा मीटर दोरी ठेवा. कॅन छातीशी धरला तर माणसाचं तोंड पाण्यावर राहतं. गोव्यात नुसतं लाल निशाण असेल तर पाणी बंद, लाल-पिवळ्या निशाणांच्या मधे जीवरक्षकांचं लक्ष असतं. सिंधुदुर्गातल्या एकाकी किनाऱ्यांवर कुणी नसतं, तिथं कमरेच्या वर पाणी नको.

उथळ वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच पळतं. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवा, वेदना उतरते. मग दवाखाना गाठाच.

हॉटेलात काय मागायचं

मेन्यूकार्ड बाजूला ठेवा आणि “आज काय आलंय?” एवढंच विचारा. उत्तरात सुरमई-पापलेटच्या आधी बांगडा, तारली, मुडदुशे, लेपा, मोरी (छोटा शार्क) अशी नावं आली तर त्या घरात रोजचा बाजार होतो असं धरायला हरकत नाही. स्वस्त मासा ताजा असण्याची शक्यता नेहमी जास्त, कारण तो साठवून कुणी ठेवत नाही.

मालवणी बाजूला पहिल्या जेवणाला बांगड्याचं तिरफळ (उग्र वासाचं मसाल्याचं फळ) घातलेलं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी घ्या. मोरीचं मटण तिथली खासियत, मसालेदार लागतं आणि काटा नसतो, त्यामुळे मासे खायची सवय नसलेल्यालाही जमतं. कोंबडी-वडे दुसऱ्या दिवशी. गोव्यात हुमण (माशाची कढी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), शागुती (भाजलेल्या मसाल्याचा मटण-कोंबडीचा रस्सा), आणि सकाळी पातळभाजी बरोबर पोई किंवा उंडो, हे तिथले पाव. सोलकढी भडक गुलाबी असेल तर बहुधा रंग आहे. खरी फिकट जांभळट-गुलाबी असते आणि थोडा वेळ ठेवली की वर दाटसर थर येतो.

बरोबर शाकाहारी मंडळी असतील, आपल्याकडे असतातच, तर त्यांना बटाटाभाजीवर ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंची उसळ, एरवी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, नाष्ट्याला घावणे-चटणी. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि नारळाच्या दुधाचा गुळातला रस, हा प्रकार ऐनवेळी मिळत नाही. मुक्कामाच्या घरी आदल्या रात्री सांगून ठेवा. श्रावणात गोव्यात गेलात तर खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र भाजी, सोडू नका.

मासा निवडणं आणि घाटावर आणणं

बाजार पहाटे नाहीतर होड्या परतल्यावर संध्याकाळी. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर किनाऱ्यावरच खरेदी होते. बांगडा हातात आडवा धरा: ताजा ताठ राहतो, शिळा वाकतो. डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत. कल्ले उचलून लाल आहेत का बघा, तपकिरी असतील तर सोडा. पोट दाबल्यावर खड्डा राहिला तर मासा जुना. तारलीचं पोट फार लवकर फुटतं, ते बघूनच घ्या. कोळंबीचं डोकं सैल किंवा काळं नको. कुर्ली उचलून बघा, आकाराच्या मानानं जड असेल ती भरलेली. तिसऱ्या मिटलेल्या हव्यात. उघडी दिसली तर टकटक करा, मिटली नाही तर टाका.

बांगडा आणि सुरमई यांच्याबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे मासे तास-दोन तास उकाड्यात राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासात अंग लाल होतं, खाज, डोकेदुखी, उलटी. शिजवून, तळून ते जात नाही, आणि वासावरून नेहमी कळतही नाही. म्हणून डिकीत पिशवीत टाकून बांगडे आणणं पूर्ण बंद करा.

पद्धत अशी. घरून थर्माकोलचा डबा न्या. मासळीच्या वजनाइतका बर्फ, एप्रिल-मेमध्ये दीडपट. बर्फ गोणपाटात घालून बारीक फोडा, मोठा तुकडा माशाला सगळीकडून टेकत नाही. बाजारातच आतडी आणि कल्ले काढून घ्या, धुवा, पण तुकडे घरी करा. डब्याच्या तळाशी ताटली उलटी ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी खाली साठेल आणि मासा त्यात भिजणार नाही. मग दोन इंच बर्फ, माशांचा एक थर, पुन्हा बर्फ. सगळ्यात वर बर्फच. झाकण चिकटपट्टीनं बंद, आणि घरी येईपर्यंत उघडू नका. तिसऱ्या या डब्यात घालू नका, गोड्या पाण्यानं त्या मरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून वेगळ्या आणा. घरी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून दोन-तीन तास अंधारात ठेवा, पोटातली वाळू सोडतात. शिजवल्यावर जी उघडत नाही ती खाऊ नका.

गोव्याची दारू मात्र डब्यात नको. परवान्याशिवाय राज्याच्या हद्दीतून आणणं गुन्हा आहे आणि घाटमाथ्यावर तपासणी होते.

घरी: बांगड्याचं तिखलं

सहा बांगडे, दीड वाटी ओलं खोबरं, आठ ब्याडगी आणि तीन संकेश्वरी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, अर्धा चमचा हळद, चमचाभर भिजवलेले तांदूळ, सहा आमसुलं, दहा तिरफळं. ब्याडगीनं रंग येतो, संकेश्वरीनं तिखटपणा, दोन्ही आपल्याच बाजारातल्या.

तिरफळातली काळी बी काढून टाका, फक्त साल हवी. बी राहिली तर कढी कडू होते आणि दाताखाली कचकच लागते. साल अर्धा वाटी पाण्यात ठेचून ठेवा, वाटणात घालून वाटू नका, वाटली की उग्र होते. मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. खोबरं, मिरच्या, धणे, हळद, तांदूळ गंधासारखं बारीक वाटा. वाटण जाडसर राहिलं तर खोबरं तळाशी बसतं आणि वर पाणी. तांदळामुळे रस एकजीव राहतो. दोन वाट्या पाणी घालून वाटण मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं उकळा, कच्चा वास जायला हवा. मीठ, बांगडे, आमसुलं घाला. मंद आचेवर सात मिनिटं. डाव घालून ढवळू नका, भांडंच कानाला धरून फिरवा, नाहीतर मासा मोडतो. शेवटी तिरफळाचं पाणी सालीसकट, चमचाभर कच्चं खोबरेल, झाकण, आणि अर्धा तास विसावा. यात कांदा-लसूण नको, तिरफळाचा वास दबतो. कोळंबीला तिरफळ घालत नाहीत.

सोलकढीला दहा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. एका नारळाचं दूध कोमट पाण्यानं दोनदा काढा, उकळतं पाणी घातलं तर तूप सुटतं. दोन लसणाच्या पाकळ्या, एक हिरवी मिरची ठेचून घाला. हे तापवायचं नाही. आमसुलांऐवजी आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरलंत तर मीठ घालण्याआधी चाखा, आगळ मुळातच खारट असतं.

परतीच्या वाटेवर शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार बघा. सुका बांगडा, सुकट आणि बोंबील दिवाळीनंतर ते मेपर्यंत चांगले. दाबून ओलसर लागेल किंवा गुलाबी-लाल छटा दिसेल ते घेऊ नका, तो खराब होऊ लागलेला माल. आमसूल काळपट जांभळं, लवचिक, मिठाचे खडे कमी असलेलं घ्या. किसमुरासाठी वाटीभर सुकट निवडून मंद आचेवर पाच मिनिटं भाजा, गार झाल्यावर चुरा, वाटीभर खोबरं, एक बारीक कांदा, तिखट आणि भिजवलेल्या दोन आमसुलांचं पाणी घाला. हे सगळं पान वाढतानाच मिसळायचं, दहा मिनिटांत सुकट मऊ पडते. उरलेली सुकट घरी आल्यावर एक कडक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, आणि पावसाळा लागण्याआधी पुन्हा एकदा उन्हात काढा.